हेवी-ड्यूटी पिकअप ट्रकमधील इंधन कार्यक्षमता व इंजिनाची निवड

हेवी-ड्यूटी पिकअप ट्रक हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात प्रचलित असलेला, मागे उघडा हौदा असलेल्या वाहनांचा एक वर्ग आहे. जड माल वाहणे आणि मोठे ट्रेलर ओढणे ही या वाहनांची मुख्य कामे होत. फोर्ड एफ-२५० व एफ-३५० सुपर ड्यूटी, रॅम २५०० व ३५००, शेव्हरोले सिल्व्हराडो २५००एचडी व ३५००एचडी आणि जीएमसी सिएरा एचडी ही या वर्गातील प्रमुख वाहने आहेत. यांतील बहुतेक वाहने मोठ्या पेट्रोल इंजिनासह किंवा टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनासह विकत घेता येतात. या दोहोंतील निवड वाहनाची किंमत, इंधनखर्च, ओढण्याची क्षमता, देखभाल आणि प्रदूषण या सर्वांवर परिणाम करते. मात्र या वर्गातील वाहनांना सरकारी मायलेजचे आकडे लावणे बंधनकारक नसल्यामुळे ग्राहकाला ही तुलना बहुधा स्वतःच करावी लागते.

वर्गीकरण

अमेरिकेत ट्रकचे वर्ग वाहनाच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनावरून ठरतात. या वजनात वाहन, इंधन, प्रवासी आणि माल या सर्वांचा समावेश होतो. ८,५०१ ते १०,००० पौंड (सुमारे ३,८५६ ते ४,५३६ किलोग्रॅम) वजनाची वाहने ‘२बी’ वर्गात, तर १०,००१ ते १४,००० पौंड (सुमारे ४,५३६ ते ६,३५० किलोग्रॅम) वजनाची वाहने वर्ग ३ मध्ये मोडतात. हेवी-ड्यूटी पिकअप प्रामुख्याने या दोन वर्गांतील असतात. भारतात ‘पिकअप’ या शब्दाने सामान्यतः शेतमाल व किरकोळ मालवाहतुकीसाठी वापरले जाणारे बरेच लहान वाहन ओळखले जाते. प्रस्तुत लेखातील वाहने त्याहून आकाराने, वजनाने आणि इंजिनाच्या शक्तीने पुष्कळ मोठी आहेत.

अधिकृत मायलेजचा अभाव

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये ऊर्जा धोरण व संवर्धन कायदा संमत केला. या कायद्याने मोटारींसाठी सरासरी इंधन कार्यक्षमतेची मानके सुरू झाली. पुढे हलक्या ट्रकनाही ती लागू झाली. परंतु ८,५०० पौंडांवरील पिकअप या व्यवस्थेबाहेर राहिले. त्यामुळे विक्रीसाठी ठेवलेल्या मोटारीच्या काचेवर जसे मायलेजचे पत्रक असते, तसे हेवी-ड्यूटी पिकअपवर नसते.

वजनमर्यादेचा वाहनांच्या रचनेवर होणारा परिणाम याआधीही दिसून आला होता. १९७५ मध्ये फोर्डने एफ-१५० हे वाहन ६,००० पौंडांच्या किंचित वरच्या वजनगटात आणले. त्यामुळे त्याला त्या वेळच्या, हलक्या वाहनांसाठी असलेल्या उत्प्रेरक परिवर्तक व शिसेविरहित पेट्रोलच्या अटी टाळता आल्या.

हेवी-ड्यूटी पिकअपसाठी इंधनवापराची व हरितगृह वायूंची पहिली मानके २०११ मध्ये जाहीर झाली. ती २०१४ ते २०१८ या वर्षांच्या वाहनांसाठी होती. २०१६ मध्ये त्यांचा दुसरा टप्पा जाहीर झाला. त्यात २०२१ ते २०२७ या काळात दरवर्षी सुमारे २.५ टक्के सुधारणा अपेक्षित धरण्यात आली. या मानकांत मायलेजऐवजी ‘प्रति १०० मैल किती गॅलन’ हे माप वापरले गेले आणि प्रत्येक वाहनाचे लक्ष्य त्याच्या ‘कार्य-गुणांका’वरून ठरवण्यात आले. हा गुणांक काढताना मालवहन क्षमतेचे ७५ टक्के आणि ओढण्याच्या क्षमतेचे २५ टक्के यांची बेरीज करतात. वाहन चारही चाकांना शक्ती देणारे असल्यास मालवहन क्षमतेत आधी ५०० पौंड मिळवतात. उदाहरणार्थ, ३,००० पौंड माल वाहणाऱ्या, १४,००० पौंड ओढणाऱ्या चारचाकी-चालन वाहनाचा गुणांक ६,१२५ येतो. गुणांक जितका मोठा, तितकी इंधनवापराची मुभा अधिक. पेट्रोल व डिझेल वाहनांची लक्ष्येही वेगवेगळी ठेवण्यात आली. ही मानके उत्पादकाच्या सर्व वाहनांच्या सरासरीला लागू होती. एखाद्या ग्राहकाला त्याच्या वाहनाचा आकडा सांगणे हा त्यांचा उद्देश नव्हता.

मायलेज मोजण्यातील दिशाभूल

‘लिटरमागे किलोमीटर’ या मापामुळे इंधनबचतीचा अंदाज अनेकदा चुकतो. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणाऱ्या वाहनाचे मायलेज ४ वरून ५ किलोमीटर झाले, तर इंधनाचा वापर ५,००० लिटरवरून ४,००० लिटरवर येतो आणि १,००० लिटरची बचत होते. तेवढ्याच अंतरासाठी एखाद्या मोटारीचे मायलेज १० वरून ११ झाले, तर बचत केवळ १८२ लिटर होते. वाढ दोन्हीकडे एका किलोमीटरचीच आहे. परंतु जास्त इंधन पिणाऱ्या वाहनात तिचे मोल पाचपटीहून अधिक आहे. म्हणूनच जड वाहनांच्या बाबतीत छोटीशी सुधारणाही महत्त्वाची ठरते.

डिझेल इंजिन कमी इंधन का वापरते

डिझेलच्या अधिक मायलेजमागे तीन प्रमुख कारणे आहेत. पहिले कारण इंधनातच आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा घन असल्याने त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे १० ते १५ टक्के अधिक ऊर्जा असते.

दुसरे कारण संपीडन गुणोत्तराचे आहे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. या इंजिनांचे संपीडन गुणोत्तर सामान्यतः १५ ते १९ च्या दरम्यान असते, तर पेट्रोल इंजिनांत ते १० च्या आसपास असते. फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनात ते १०.५ आहे. गुणोत्तर वाढले की उष्णतेचा अधिक भाग उपयुक्त कामात रूपांतरित होतो.

तिसरे कारण नियंत्रणपद्धतीचे आहे. पेट्रोल इंजिनात शक्ती कमी करण्यासाठी थ्रॉटलने हवेचा मार्ग अरुंद केला जातो आणि त्या अडथळ्यातून हवा ओढून घेण्यात ऊर्जा खर्च होते. डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण मुख्यतः इंधनाच्या प्रमाणाने होत असल्याने हा तोटा अल्प असतो. तो कमी करण्यासाठी काही पेट्रोल इंजिनांत हलक्या भाराच्या वेळी निम्मे सिलिंडर बंद ठेवतात. रॅमच्या ६.४ लिटर हेमी इंजिनात अशी सोय आहे.

जड ट्रेलर ओढताना हा फरक आणखी स्पष्ट होतो. २०२० मध्ये आलेले फोर्डचे ७.३ लिटर पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्ती व ४७५ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ६४४ न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. त्याच वर्षीच्या ६.७ लिटर डिझेल इंजिनाची शक्ती ४७५ अश्वशक्ती होती; पण टॉर्क १,०५० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे १,४२४ न्यूटन-मीटर होता. अश्वशक्तीत फार अंतर नसले तरी टॉर्क दुपटीहून अधिक असल्याने डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चढ चढू शकते. पेट्रोल इंजिनाला त्यासाठी खालच्या गिअरमध्ये अधिक वेगाने फिरावे लागते. दीर्घकाळ पूर्ण भार असताना उत्प्रेरक व इंजिनाचे भाग अतितप्त होऊ नयेत म्हणून हवेच्या तुलनेत जास्त पेट्रोल सोडावे लागते आणि वापर वाढतो.

उंचीचाही परिणाम होतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के घटते. कोलोरॅडो राज्यातील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथे अशा इंजिनाची जवळपास एक तृतीयांश शक्ती कमी झालेली असते. टर्बोचार्जर ही घट बऱ्याच अंशी भरून काढतो. उतारावर टर्बोचार्जरच्या साहाय्याने चालणारा एक्झॉस्ट ब्रेक चाकांच्या ब्रेकवरील ताणही हलका करतो.

इंजिनांचा इतिहास

फोर्डने १९८३ च्या वाहनांत इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६.९ लिटर डिझेल इंजिन बसवले. डॉज रॅममध्ये १९८९ च्या वाहनांपासून कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आले. ते १६० अश्वशक्ती व ४०० पाउंड-फूट टॉर्क देत असे. या कमिन्स कंपनीची भारतीय शाखा किर्लोस्कर समूहाच्या सहकार्याने १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. जनरल मोटर्सने २००१ च्या वाहनांत इसुझूसोबत विकसित केलेले ६.६ लिटर ड्युरामॅक्स इंजिन आणले. फोर्डने २०११ पासून स्वतः रचलेले ६.७ लिटर इंजिन वापरण्यास सुरुवात केली. २०१९ मध्ये रॅममधील ६.७ लिटर कमिन्स इंजिनाने या वर्गात प्रथमच १,००० पाउंड-फूट टॉर्कचा टप्पा गाठला. म्हणजे तीस वर्षांत टॉर्क अडीचपट झाला. तंत्रज्ञानातील प्रगतीचा मोठा भाग इंधनबचतीऐवजी क्षमता वाढवण्यात खर्ची पडला, असे या आकड्यांवरून दिसते.

उत्सर्जन नियंत्रण

डिझेल इंजिनातून काजळीचे कण व नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक बाहेर पडतात. २००६ पासून अमेरिकेत १५ पीपीएमपेक्षा अधिक गंधक नसलेले डिझेल येऊ लागले. त्यानंतर २००७ च्या वाहनांपासून काजळी अडवणारे गाळणे आणि २०१० च्या सुमारास युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइडे घटवणारी प्रणाली प्रचलित झाली. या द्रावणात युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के असते व ते वेगळ्या टाकीत भरावे लागते. गाळण्यात साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकण्यासाठी जादा इंधन लागते. सतत लहान फेऱ्या मारणाऱ्या वा तासन्‌तास जागीच सुरू ठेवलेल्या वाहनात ही क्रिया नीट पूर्ण होत नाही. त्यामुळे मायलेज घटते व दुरुस्ती वाढते.

काही मालक मायलेज वा शक्ती वाढवण्यासाठी ही यंत्रणा काढून टाकतात. असे करणे बेकायदेशीर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार आधीच्या सुमारे दशकभरात ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधील नियंत्रण यंत्रणा काढण्यात आल्या होत्या. उत्पादकांवरही कारवाई झाली आहे. रॅम २५०० व ३५०० मधील इंजिनांच्या उत्सर्जनाबाबत कमिन्सने २०२३ च्या अखेरीस सुमारे १.६७ अब्ज डॉलर दंडाची तडजोड केली. मात्र गैरकृत्य मान्य केले नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तुलना वेगळी आहे. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६९ किलोग्रॅम, तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणून डिझेल वाहनाचे मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी अधिक असेल, तरच त्याचे उत्सर्जन पेट्रोल वाहनाइतके राहते. त्यापुढील सुधारणा हीच हवामानाच्या दृष्टीने खरी बचत होय.

खर्चाची तुलना

डिझेल इंजिनासाठी ग्राहकाला हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात. शिवाय अमेरिकेत डिझेलवरील संघीय कर गॅलनमागे २४.४ सेंट, तर पेट्रोलवरील १८.४ सेंट आहे. पुढील उदाहरण केवळ गणिताची रीत दाखवण्यासाठी आहे. डिझेल इंजिनाची जादा किंमत १०,००० डॉलर, पेट्रोलचा दर लिटरला ०.८० डॉलर व डिझेलचा ०.९५ डॉलर धरला आहे.

पहिल्या वाहनाची धाव वर्षाला २०,००० किलोमीटर असून ते बहुधा रिकामे फिरते. पेट्रोलवर त्याचे मायलेज ५ व डिझेलवर ६ किलोमीटर असल्यास वार्षिक इंधनखर्च अनुक्रमे ३,२०० व ३,१६७ डॉलर येतो. ३३ डॉलरच्या बचतीतून जादा किंमत वाहनाच्या आयुष्यात वसूल होणार नाही. दोन्ही इंधनांचा दर ०.८० डॉलर असता, तरी त्यासाठी सुमारे १९ वर्षे लागली असती.

दुसरे वाहन वर्षाला ५०,००० किलोमीटर जड ट्रेलर ओढते. मायलेज अनुक्रमे ३ व ४.२ किलोमीटर धरल्यास खर्च १३,३३३ व ११,३१० डॉलर होतो. येथे दरवर्षी सुमारे २,००० डॉलर वाचतात आणि जादा किंमत पाच वर्षांत भरून निघते. प्रत्यक्ष हिशेबात युरियाचे द्रावण, इंधन गाळण्या, अधिक इंजिन तेल आणि उच्च दाबाच्या पंप व इंजेक्टरची महागडी दुरुस्ती हा डिझेलचा खर्च वाढवते. उलट, डिझेल वाहनाला मिळणारी चांगली पुनर्विक्री किंमत त्याच्या बाजूने जाते.

निवडीवर परिणाम करणारे इतर घटक

डिझेल इंजिन व त्याची उत्सर्जन यंत्रणा पेट्रोल इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असते. वाहनाचे कमाल एकूण वजन ठरलेले असल्याने इंजिन जितके जड, तितका हौद्यात माल कमी भरता येतो. त्यामुळे ओढण्यापेक्षा हौद्यात माल वाहण्याचे काम अधिक असल्यास पेट्रोल वाहन सोयीचे ठरू शकते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून इंधनमार्ग तुंबण्याचाही धोका असतो.

मागील आसाचे गिअर गुणोत्तर हाही महत्त्वाचा घटक आहे. ३.५५ गुणोत्तरात इंजिन महामार्गावर सावकाश फिरते व इंधन वाचते, ४.३० गुणोत्तरात ओढण्याची क्षमता वाढते, पण फेऱ्याही वाढतात.

वेगाचा परिणाम दोन्ही इंजिनांवर सारखाच होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटरवरून १२० किलोमीटर वेग केल्यास तो सुमारे १.७८ पट होतो. पिकअपचा उंच व सपाट पुढचा भाग आणि मागचा पेटीसारखा ट्रेलर यांमुळे हा भार मोठाच असतो. त्यामुळे इंजिन कोणतेही असले, तरी वेग आवरता ठेवणे हा इंधन वाचवण्याचा विनाखर्च उपाय ठरतो.