देवगिरीच्या दप्तरातली ओवी

यादवराजा सिंघण १२१० ते १२४७ या काळात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या गादीवर होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. पद श्रीकरणाधिपाचं, राज्याचा जमाखर्च त्याच्या देखरेखीखाली. आजोबा भास्कर काश्मीरातून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले. शार्ङ्गदेव वैद्यकीही जाणत होता. या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या दोन्ही संगीतपरंपरा ज्याला प्रमाण मानतात तो हा ग्रंथ.

मी वैरागचा, भजनात पखवाज धरणारा. म्हणून मी सरळ सहावा, वाद्यांचा अध्याय उघडला. तारांची, फुंकण्याची, कातड्याने मढवलेली आणि टाळा-झांजांसारखी घन, असे वाद्यांचे चार वर्ग तिथे आहेत. मृदंगाच्या पुड्यांना शिजवलेला भात आणि राख मळून केलेला लेप लावायला सांगितलं आहे: डावीकडे जाड, उजवीकडे पातळ. आमच्याकडे सप्ताह बसला की डाव्या पुडीला कणीक लागते. ती किती ओली, किती जाड, हे चुलत्यांनी मला हाताला धरून शिकवलं. उजवीकडे आता शाई कायमची असते. पण वजन वाढवून डाव्या पुडीचा आवाज खाली उतरवायचा, हे तत्त्व तेच.

पहिला अध्याय माणसाच्या शरीरापासून सुरू होतो, कारण नाद शरीरातून निघतो. लिहिणारा वैद्य आहे हे तिथे जाणवतं. मग बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली बारीक स्वरांतरं. त्या कानाला पटवण्यासाठी त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या. एक अचल ठेवायची, दुसरी एकेक श्रुती उतरवत न्यायची आणि तिचे स्वर पहिलीच्या कोणत्या तारांशी जुळतात ते पाहायचं. जमाखर्चाचा ताळा घ्यावा तशी ही रीत आहे. तालाच्या अध्यायात तर १२० देशी ताल मांडले आहेत.

माझा जीव मात्र चौथ्या, प्रबंधांच्या अध्यायात अडकला. दरबारी, पंडिती रचनांच्या यादीत तिथे चक्क ओवी आहे! प्रासाने जुळलेले तीन खंड, देशभाषेत गायचे, शेवटी ‘ओवी’ हा शब्द. असं तिचं लक्षण दिलं आहे. शेजारीच धवल आहे, ज्या प्रकारात कवयित्री महदंबेने पुढे तेराव्या शतकातच ‘धवळे’ रचले. याच्याही आधी, ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ‘मानसोल्लासा’त नोंदवून गेला होता की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगं. जात्यावर, मुसळावर गाणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत, पण त्यांचं गाणं राजाने आणि राज्याच्या हिशेबनिसाने शास्त्रात घेतलं. मला या दोघांबद्दल फार आदर वाटतो तो यासाठी.

युरोपातही हा काळ संगीत कागदावर उतरण्याचा होता. गीदो दारेत्सो या इटालियन साधूने अकराव्या शतकात रेघांवर स्वर मांडायची पद्धत पक्की केली. ११९८ च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दामसाठी पेरोतँने चार आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या चालीने चालणारी रचना केली. ती चर्चची गायकमंडळी आजही गाऊ शकतात. शार्ङ्गदेवानेही स्वराक्षरं लिहिली, मंद्र म्हणजे खालच्या स्वरासाठी वर टिंब, तार म्हणजे वरच्या स्वरासाठी उभी रेघ. पण आपला भर गुरुमुखावर, त्यामुळे त्याच्या चाली आज जशाच्या तशा गाता येत नाहीत. ही हानी मोठी आहे.

वृंदाचं वर्णन मात्र आजही डोळ्यांसमोर उभं राहतं. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, त्यांच्या मागे म्हणणारे आठ, बारा गायिका, चार बासरीवाले, चार मृदंगवादक. मध्यम वृंद याच्या निम्मा. काल्याच्या कीर्तनाला उभे राहणारे टाळकरी मोजले तर आम्ही कुठे बसतो ते कळेल.

पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला आणि ग. ह. तारळेकरांनी त्याचं मराठी भाषांतर केलं. भजनी माणसाने वाचायला घेतलं तर पहिल्या अध्यायातल्या श्रुतींच्या गणितात अडकू नये. आधी सहावा वाचावा, मग चौथा.