स्टारच्या सहीचं मल्टीटूल : घ्यावं की नाही?

बाबा निवृत्त होणार होते तेव्हा त्यांना काय द्यायचं, यावरून मी आणि माझा भाऊ आठवडाभर भांडत होतो. घड्याळ ऑफिसकडून मिळणार होतं, शाली तर ढीगभर येणार होत्या. एका रात्री मोबाइल चाळताना ते मल्टीटूल समोर आलं. काळ्या डब्यात चकचकीत पक्कड, तिच्या मुठींतून पंख्यासारखी उघडलेली पाती, कात्री, करवत, ओपनर आणि झाकणावर एका प्रसिद्ध चेहऱ्याची सही. '15 इन 1', किंमत 1,800 रुपये. बाबा म्हणजे घरातला प्रत्येक स्क्रू स्वतः आवळणारा माणूस. आम्ही दोन मिनिटांत ऑर्डर केली.

बाबांना ते इतकं आवडलं की इंदूरच्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी ते उघडून दाखवलं. आठवड्याभरात आईने कुकर पुढे केला. हँडल सैल झालं होतं. बाबांनी मल्टीटूलमधला स्क्रू ड्रायव्हर काढला, जोर लावला आणि स्क्रू जागचा हललाही नाही. ड्रायव्हरचं टोकच पीळ बसल्यासारखं वाकडं झालं. "स्क्रू जुना आहे," बाबा म्हणाले. भेटवस्तूला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांचा नियम.

त्यानंतर मात्र जे झालं, त्याने माझी झोप उडाली. हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला होता. इलेक्ट्रिशियन यायला उशीर होत होता, म्हणून बाबांनी तेच टूल घेऊन स्विचबोर्ड उघडायला घेतला. सुदैवाने तेवढ्यात तो मुलगा दारात आला. त्याने बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, इस पे रबर कहां है?" मग खाली जाऊन आधी मेन स्विच बंद केला. पूर्ण धातूची मूठ, त्यावर कसलंही आवरण नाही आणि समोर चालू वायर. डब्यावर 'घरातल्या प्रत्येक कामासाठी' असं लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचूनच घेतलं होतं.

त्या कंपनीचं आणि त्या चेहऱ्याचं नाव मी इथे देत नाही. पुढे ज्या कंपन्यांचा उल्लेख येईल, त्यांतली ती नव्हती. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला : अशा हत्यारावर प्रसिद्ध माणसाचं नाव असतं, तेव्हा आपण नेमके कशाचे पैसे मोजतो?

नावाला भुलणं नवं नाही

आमच्या पिढीला मल्टीटूलचं वेड लावलं बेअर ग्रिल्सने. 2006 मध्ये सुरू झालेला 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' आम्ही डिस्कव्हरीवर हिंदीतून पाहत मोठे झालो. पुढे 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी त्याच्याबरोबर कॉर्बेटच्या जंगलात दिसले, 2020 मध्ये रजनीकांत आणि अक्षय कुमार बांदीपूरला गेले, तेव्हा तर आमच्या आजीलाही तो 'किडे खाणारा मुलगा' म्हणून माहीत झाला.

2010च्या सुमारास गर्बर या अमेरिकन कंपनीने त्याच्या नावाने चाकू, मल्टीटूल आणि जंगलात लागणाऱ्या वस्तूंची अख्खी मालिका बाजारात आणली. राखाडी, काळा आणि केशरी असा तिचा ठरलेला रंग. त्यातल्या गाजलेल्या चाकूच्या म्यानात आग पेटवायची कांडी होती, दोरीला शिटी होती, धार लावायची सोय होती आणि सोबत जीव कसा वाचवावा याची छोटी पुस्तिका.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. बेअर ग्रिल्स हा नुसता चेहरा नाही. तो ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलाच्या राखीव तुकडीत होता आणि 1998 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी, एव्हरेस्ट चढला. गर्बरही कालपरवाची कंपनी नाही. 1939 मध्ये ती अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झाली. म्हणजे माणूस जाणकार आणि कारखाना अनुभवी. यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार?

तरीही याच मालिकेतला पारंग नावाचा कोयता 2012 मध्ये अमेरिकेत परत मागवावा लागला. मूठ आणि पातं जिथे जुळतात तिथला भाग कमकुवत असल्याने वापरताना मूठ तडकण्याचा किंवा पातं तुटण्याचा धोका होता. मालिकेतली बाकीची हत्यारं वाईट होती, असा याचा अर्थ नाही. पण ग्रिल्सचा एव्हरेस्टचा अनुभव त्या जोडाला मजबूत करू शकला नाही, एवढं खरं. तो जोड कारखान्यातच मजबूत व्हायला हवा होता.

आणखी एक गोष्ट लहानपणी आमच्या लक्षातच आली नव्हती. त्या कार्यक्रमात सूचना यायची की काही प्रसंग बेअरसमोर मुद्दाम मांडलेले असतात, म्हणजे संकटातून कसं वाचायचं ते त्याला दाखवता यावं. सोबत कॅमेऱ्याची टीम असायचीच. आपण पडद्यावर बघतो ते कौशल्य, आणि विकत घेतो ते पोलाद. मधल्या मध्ये आपण मनानेच दोन्ही एक करून टाकतो.

सही नसलेली नावं

गंमत म्हणजे मल्टीटूलच्या जगातली दोन सर्वांत भरवशाची नावंही माणसांवरूनच आली आहेत, फक्त ती माणसं प्रसिद्ध नव्हती. टिम लेदरमन नावाचा तरुण 1975 मध्ये पत्नीबरोबर एका जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी सतत बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि खिशात होता साधा घडीचा चाकू. यात पक्कड असती तर किती बरं झालं असतं, हे त्याला वाटेत पुन्हा पुन्हा जाणवलं. परत आल्यावर त्याने गॅरेजमध्ये बसून नमुने केले, ते कंपन्यांनी नाकारले, आणि पहिलं लेदरमन टूल बाजारात यायला 1983 उजाडलं. म्हणजे पक्कड मध्यभागी असलेल्या आजच्या मल्टीटूलचा जन्म जाहिरातीतून नाही, गळक्या नळातून झाला.

दुसरं नाव स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरचं. त्याने 1884 मध्ये इबाख गावात चाकूंचा कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये तो लाल चाकू आणला, जो आज जगभर 'स्विस नाइफ' म्हणून ओळखला जातो. कंपनीच्या व्हिक्टोरिनॉक्स या नावातलं 'व्हिक्टोरिया' म्हणजे त्याची आई आणि 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस स्टील. मुलाने आईचं नाव हत्यारावर कोरलं. याला प्रमोशन म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

या दोन्ही कंपन्या चेहरा दाखवण्याऐवजी हमी देतात. लेदरमन आपल्या टूलवर 25 वर्षांची देते, तर व्हिक्टोरिनॉक्स चाकूच्या पोलादातल्या आणि बनावटीतल्या दोषांसाठी आजीवन. आमच्या त्या सहीवाल्या डब्यात हमीच्या कागदावर फक्त एक ईमेल पत्ता होता. मी तीनदा लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे.

शब्दांची कारागिरी

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं, कारण वस्तूंचं वर्णन लिहिण्याची कामं मीही केली आहेत. 'सिग्नेचर एडिशन' म्हणजे डब्यावर सही छापली आहे. 'इन्स्पायर्ड बाय' म्हणजे त्या माणसाने वस्तू हातात घेतली असेलच असं नाही. 'डिझाइन्ड विथ' थोडं वजनदार, पण कोणता भाग कोणी ठरवला हे त्यातून कळत नाही. 'मिलिटरी ग्रेड' हा शब्द तर पुढे ठरावीक मानकाचा उल्लेख नसेल तर शोभेचाच समजावा.

आणि आकडे! '15 इन 1' कसे होतात ते मी बाबांच्या टूलवर बोट ठेवून मोजलं. पक्कडीचं टोक एक, त्याच पक्कडीचा मधला भाग दोन, वायर कापायची खाच तीन. मुठीवर कोरलेल्या सेंटिमीटरच्या रेघा म्हणजे पट्टी, ती चार. दोरी अडकवायचं भोक पाच! एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय.

आपल्याकडे याबाबतीत कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीलाच नाही, तर तिची शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. त्या व्यक्तीला वर्षभर, आणि पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करण्यापासून रोखताही येतं. 2022च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शिफारस त्या व्यक्तीच्या खऱ्या मतावर आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली हवी. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण जाहिरात खोटी ठरणं वेगळं आणि वस्तू सुमार असणं वेगळं. 'मला हे आवडतं' असं हसत म्हणणाऱ्याला कोणता कायदा धरणार?

हातात घेऊन बघा

त्यामुळे खात्री आपणच करायची. शक्य असेल तर दुकानात जाऊन टूल हातात घ्या. पक्कड बंद करून उजेडासमोर धरा. टोकं नीट जुळली पाहिजेत. टोकाशी फट दिसली तर बारीक खिळा किंवा तार ती धरणारच नाही. मग मुठी घट्ट आवळा. बंद असलेल्या पात्यांच्या कडा तळहाताला टोचतात का? स्वस्त टूलची ही हमखास खूण. आमच्या टूलने बाबांच्या तळव्यावर दोन लाल रेघा उठवल्या होत्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाकूचं लॉक. उघडलेलं पातं जागेवर पक्कं बसलं पाहिजे, बाजूला डगमगता कामा नये. लॉक नसलेलं किंवा सैल लॉकचं पातं जोर लावताना मिटतं आणि मिटतं ते आपल्याच बोटांवर. मुलांच्या हातात ते देऊच नका, डब्यावर त्यांच्या कितीही लाडक्या हिरोचं चित्र असो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जाड, चौकोनी कडांचं आणि स्वच्छ घडवलेलं दिसायला हवं. बिजागरीपाशी साधी ठोकलेली खीळ आहे की आवळता येणारा स्क्रू, हेही पाहा. स्क्रू असेल तर वर्षभराने सैल झालेलं टूल पुन्हा घट्ट करता येतं. कोकणात किंवा कुठल्याही किनाऱ्याजवळ राहत असाल तर लक्षात असू द्या की 'स्टेनलेस' म्हणजे कधीच न गंजणारं नव्हे. वापरून झाल्यावर पुसा आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब टाका.

ऑनलाइन घेत असाल तर चेहऱ्याचा फोटो सोडून खाली या. कुठल्या देशात बनलं, आयात कोणी केलं, त्याचा भारतातला पत्ता काय, हमी भारतात चालते का, एवढं तिथे लिहिलेलं असायला हवं. सापडलं नाही तर सोडून द्या.

पण मुळात घरात मल्टीटूल हवंच का? मला विचाराल तर बहुतेक घरांना नको. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचं आवरण असलेली मजबूत पक्कड, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर आणि एक टेस्टर घ्या. आमच्या 1,800 रुपयांत हे सगळं येऊन वर पैसे उरले असते. आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय त्यांनीही विजेच्या बोर्डाला हात लावू नका. मल्टीटूल हे घरापासून दूर असणाऱ्यांचं साधन आहे. सह्याद्रीत ट्रेकला जाणारे, लांबच्या बाइक राइडवर निघणारे, शेतावर पंप सांभाळणारे, अशांच्या खिशात ते शोभतं, कारण तिथे अख्खी पेटी नेता येत नाही. त्यांनी मात्र थोडे जास्त पैसे घालून हमीवालं, लॉक असलेलं, कमी पात्यांचं टूल घ्यावं. आवडत्या माणसाचं नाव त्यावर असेल तर असू दे, फक्त त्या नावाची किंमत मनात शून्य धरून बाकीचं बघा. विमानाने जाणार असाल तर ते चेक-इन बॅगेतच ठेवा. हातातल्या पिशवीत सापडलं तर तपासणीत ते जाणारच.

माझा भाऊ गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा बाबांसाठी एक लाल मुठीची साधी पक्कड घेऊन आला. राजवाड्याजवळच्या दुकानातली, कागदात गुंडाळलेली, डबाही नव्हता. कुकरचं हँडल आता पक्कं आहे. सहीचं टूल शोकेसमध्ये, निवृत्तीच्या घड्याळाशेजारी उघडून ठेवलंय. पाहुणे आले की बाबा त्यातली करवत बाहेर काढून दाखवतात, आणि आई त्याच्या ओपनरने सोड्याच्या बाटल्या उघडते. तेवढा मात्र अजून उत्तम चालतो.