चाळिशी आणि बंदुकीची माशी

मुकुटबनला (जि. यवतमाळ) आम्ही काही शिक्षकांबरोबर भिंगांचे प्रयोग करीत होतो. प्रयोग आटोपल्यावर साठी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "सर, जत्रेत छर्‍याच्या बंदुकीनं मी ओळीनं फुगे फोडत असे. आता नातवासमोर हसं होतं. फुगा स्वच्छ दिसतो, पण बंदुकीची माशी दिसत नाही. वाचायचा चष्मा लावला तर माशी जरा बरी, पण फुगा धूसर. हात तर अजून थरथरत नाही!"

दोष हाताचा नव्हताच. नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात : मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य. डोळ्यापासून खाच सुमारे ४० सेंटिमीटर, माशी ८० सेंटिमीटर आणि फुगा ४ मीटर. ही अंतरे मीटरमध्ये घेऊन त्यांचे व्यस्त काढले की डोळ्याला किती जादा शक्ती लागेल ते डायॉप्टरमध्ये मिळते : अनुक्रमे २.५, १.२५ आणि ०.२५. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट रोखता येतो. तरुण डोळा या तिन्हींवर इतक्या चपळाईने फिरतो, की आपल्याला ते कळतही नाही.

नेत्रभिंगात आयुष्यभर नवे थर चढत राहतात आणि ते ताठर होत जाते. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर वाचता येते. साठीला हे अंतर सुमारे एक मीटर होते, म्हणजे जादा शक्ती उरते जेमतेम १ डायॉप्टर. वरच्या आकड्यांशी ताडून पाहा : फुगा जमतो, माशी थोडक्यात हुकते, खाच तर केव्हाच गेलेली.

मग वाचायचा चष्मा का चालत नाही? तो साधारण २ डायॉप्टरचा, म्हणजे अर्ध्या मीटरसाठी केलेला. त्यात फुग्याची वाट लागणारच. माशी आणि फुगा यांच्या मधला आकडा ०.७५. तेवढ्या नंबरच्या भिंगाने दोन्हीकडे अर्ध्या डायॉप्टरचीच चूक राहते. ही तडजोड आहे, पण उपयोगी.

दुसरा उपाय भिंगाविनाच होतो. दूरवर रोखलेल्या डोळ्याला जवळच्या वस्तूची कड बाहुलीच्या रुंदीएवढी फाकलेली दिसते. बाहुली ३ मिलिमीटरची असेल तर माशीची कडही ३ मिलिमीटर पसरते, आणि माशीच मुळी दोन-तीन मिलिमीटर रुंद! आता डोळ्यापुढे १.२ मिलिमीटरचे छिद्र धरा. प्रकाशाचा शंकू बारीक होतो व पसरटपणा १.२ मिलिमीटरवर येतो. वर्गात करून पाहा : पोस्टकार्डाला जाड सुईने भोक पाडून, चष्मा काढून, त्यातून वर्तमानपत्र वाचा. चाळिशी लागलेल्या शिक्षकांनी हा प्रयोग मुलांदेखत करावा. मुलांना त्याची गंमत वाटते.

बंदुका बनवणार्‍यांना हे जुनेच ठाऊक आहे. अमेरिकेत १८७३ ची विंचेस्टर प्रसिद्ध झाली. खालचा दांडा खाली-वर केला की पुढचे काडतूस नळीत चढते, अशी ही बंदूक. तिच्या आखूड नळीच्या प्रकाराला कार्बाइन म्हणतात. तिची खाच नळीवर असते. आज जुन्या पेहरावात या बंदुका चालवणार्‍या हौशी मंडळींत साठीचे पुष्कळ असतात आणि तिथे दुर्बीण शोभत नाही. पण विल्यम लायमन यांनी दस्त्याच्या मानेवर, डोळ्याच्या अगदी जवळ बसणार्‍या छिद्राच्या साधनाचे पेटंट १८७९ मध्येच घेतले होते. म्हणजे काळही जुळतो आणि डोळ्याचीही सोय होते. छिद्राची कड धूसर दिसली तरी बिघडत नाही. डोळा मध्य आपोआप गाठतो. तीन गोष्टींपैकी एक अशी वजाच होते. आमच्या मते म्हातार्‍या डोळ्यासाठी खाचेपेक्षा हेच केव्हाही बरे.

तरुणही छिद्रच वापरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि दुर्बीण चालत नाही. मागे छिद्र, पुढे कडे, एवढ्यावर नेम धरायचा.

छिद्राची किंमतही मोजावी लागते. ३ ऐवजी १.२ मिलिमीटर म्हणजे प्रकाश सहाव्या हिश्श्यावर येतो. छिद्र फारच बारीक केले, तर विवर्तनाने प्रतिमा उलट बिघडते.

गुरुजींनी काळ्या चिकटपट्टीला भोक पाडले आणि ती दूरच्या चष्म्यावर लावून संध्याकाळी जत्रा गाठली. दुसर्‍या दिवशी सांगत होते, "माशी दिसली सर, पण अंधार फार. लाल फुगे सोडून दिले, पिवळेच फोडले."