बिनकामाचं चालणं

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुम्ही शेवटच्या चालायला म्हणून कधी चालला होता? दळण आणायला, पोराला शाळेत सोडायला, शेतात डबा घेऊन जायला, सप्त्याला किंवा हळदीकुंकवाला नव्हे. नुसतं चालायला! आठवून पाहा. मला तरी आठवेना.

आमच्या बार्शीटाकळीत बाई घराबाहेर पडली की चार ठिकाणी एकच प्रश्न येतो. "कुठी चालल्या व?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण उत्तर तयार ठेवावं लागतं. त्यातलं सगळ्यांत सोयीचं उत्तर म्हणजे "देवाले". देवाला निघालेल्या बाईला कोणी अडवत नाही.

आमच्या बचत गटात एकदा अशीच एक गोष्ट निघाली. टीव्हीवर समुद्र दिसला आणि आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकू, वय वर्षं शहात्तर, सहज म्हणाल्या, "मरायच्या आंधी एकडाव हे पानी पाह्यलं पाह्यजे." सगळ्या हसलो. मग लक्षात आलं की आम्हा आठजणींपैकी एकीनंही समुद्र पाहिलेला नाही. मी बी. ए. झालेली, महाराष्ट्राला सातशे वीस किलोमीटरचा किनारा आहे हे शाळेत घोकलेलं. खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक परीक्षेत लिहून गुण मिळवलेले. पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो वारा काही अंगावर घेतला नव्हता!

ठरलं. महिन्याला तीनशे रुपये प्रत्येकीनं बाजूला टाकायचे. वर्षाचे झाले छत्तीसशे. जागा निवडली रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर. खरं कारण असं की तिथं समुद्र आहे, गर्दी बेताची आहे आणि घरगुती राहण्याजेवणाची सोय होते. पण घरी सांगायचं कारण वेगळं. हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. आणि १० जानेवारी २०२५ ला पौषातली पुत्रदा एकादशी येत होती. आणखी काय पाहिजे? आठही जणींनी घरी सांगितलं, देवाला चाललो. मीही तेच सांगितलं. समाजकार्य करणाऱ्या, दुसऱ्यांना धीटपणा शिकवणाऱ्या बाईनं!

निघायच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या धाकट्या सुनेचा फोन आला. रडत होती. सासरे म्हणाले, "देव काय तिकडंच हाये का? कालंकेच्या देवळात जा. एकादशी इथंबी हाये." खरंच होतं त्यांचं. आमच्या गावचं कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ काही लहानसहान नाही. देवच हवा असेल तर तीनशे कोस कशाला जायचं? मी त्यांच्या घरी गेले, ओट्यावर बसले, चहा घेतला, पण तोंडातून शब्द निघेना. कारण खोटं आमचंच होतं. तिनं वर्षभर साठवलेले पैसे तिच्या हातात परत दिले आणि आम्ही सातजणी निघालो.

अकोल्याहून रात्रीच्या मुंबईच्या गाडीनं पहाटे ठाणे. तिथून लोकलनं पनवेल. पनवेलहून माणगाव, म्हसळा करत एसटीनं श्रीवर्धन आणि पुढं हरिहरेश्वर. ऐकायला लांब वाटतं, पण खर्च आवाक्यातला. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच, ऑगस्ट २०२२ पासून, प्रवास मोफत. त्यामुळे काकू ऐटीत आधार कार्ड दाखवून फुकट बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तुमी द्या पैसे, मी सरकारची पाहुनी हाओ."

संध्याकाळी पोचलो. सामान टाकलं आणि तशाच किनाऱ्यावर गेलो. काकू थबकल्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मायबाई, याले त पलीकडचा काठच नाही!" आम्ही नदीकाठची, तळ्याकाठची माणसं. पाण्याला पलीकडचा काठ असतोच, ही आमची समजूत.

त्या संध्याकाळी आम्ही चाललो. चपला हातात, पदर खोचलेला. ओहोटीनं उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, त्यावर पाऊल रुतत नाही. कोरड्या वाळूत मात्र चार पावलांत दम लागतो आणि गुडघे बोलायला लागतात. म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी ओल्या वाळूवरूनच चालावं. शिंपले, काचा यांच्याकडे लक्ष ठेवावं. मजा म्हणजे कुठे जायचंच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. वाटेत एकानंही विचारलं नाही, कुठे चालल्या म्हणून. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मी पायांकडे न पाहता चालते आहे. आम्ही नेहमी भरभर चालतो, कारण घरी कुकर, पोरं, पाणी सगळं वाट पाहत असतं. इथं कोणी वाट पाहत नव्हतं.

दिवसही बरोबर निवडले होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, उन्हाळ्यात दमट उकाड्यानं जीव नकोसा होतो. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते. आपल्याकडे हुडहुडी भरते तेव्हा तिकडे पहाटे एक शाल पुरते. दुपारचं ऊन मात्र टाळावं, सकाळ-संध्याकाळ फिरावं. आमच्या घरच्या कामातही तेव्हा फट सापडते. कपाशीची वेचणी बरीच आटोपलेली असते आणि लग्नसराईला अवकाश असतो.

आता आमच्या यजमीणबाईंबद्दल सांगते. पन्नाशीच्या असतील. घरामागं नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं, त्यात वाडीतली बरीच झाडं आडवी झाली. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात. मग घर चालवायला त्यांनी पाहुण्यांना राहण्या-जेवणाची सोय सुरू केली. त्या सांगत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. आमच्याकडे पाऊस दगा देतो किंवा बोंडअळी येते, त्यांच्याकडे वारा. पीक गेल्यावर चूल पेटती ठेवायची कोणी, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

मी सहज म्हटलं, "तुमची मजा आहे हो, रोज समुद्रावर फिरायला मिळतं!" त्या हसल्या. "फिरायला? कोण जातं? लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी गेले असेन. आता समुद्र ऐकू येतो तेवढाच. रिकामी दिसले किनाऱ्यावर तर लोक म्हणतील, हिला काम नाही का?"

मला धक्काच बसला. मला वाटत होतं की आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून आपण फिरत नाही. पण जिच्या परसातून लाटा ऐकू येतात, तीही फिरत नव्हती!

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेळासला गेलो. हे नाना फडणवीसांच्या पूर्वजांचं गाव. इथं ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं हिवाळ्यात अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. कोल्ही-कुत्री अंडी खातात, माणसंही नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत हलवून पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, ती समुद्रात सोडतात. पिल्लं पाहायची तर फेब्रुवारी-मार्च बरा, आम्हाला नुसतं कुंपण दिसलं. मादी रात्री येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. हे ऐकून काकू म्हणाल्या, "तिले कोनी इचारत नसन, कुठी चालली म्हनून." सगळ्या हसलो. धाकटीची आठवण मात्र मला तेव्हा फार आली.

एकादशीचा दिवस उजाडला. हरिहरेश्वराला देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूनं प्रदक्षिणा घालतात. पायऱ्या उतरून खडकांवरून जावं लागतं. लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. ही वाट ओहोटीलाच करायची. भरतीत लाट येऊन माणूस ओढून नेते. आमच्यातल्या एकीचा आग्रह, सकाळी पूजा झाली की नऊला प्रदक्षिणा घालू, उपवास आहे, उशीर नको. तेव्हा यजमीणबाईंनी कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो. त्यांचं वाक्य संपायच्या आत काकू बोलून गेल्या, "अकरा पाऊण सव्वाआठ!"

चौथी शिकलेल्या काकूंना पावकी, निमकी, पाऊणकी सगळं अजून तोंडपाठ. म्हणजे एकादशीला सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, मग सव्वासहा तासांनी, अडीचच्या आसपास ओहोटी. रोज ही वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास कमी चढतं, ती भांगाची भरती. मैत्रिणींनो, तिथी आपल्याला रोज ठाऊक असते. चतुर्थी कधी, प्रदोष कधी, हे आपण झोपेतही सांगू. त्याच तिथीत समुद्राचं घड्याळ आहे, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आग्रह करणारीला काकूंनी एका वाक्यात गप्प केलं. "देव कुठी जात नाही. पानी मात्र येते अन् जाते. पयले पान्याची वेळ पाहा." आम्ही दुपारी दोनला, देवळापाशी पुन्हा विचारून, मगच खाली उतरलो.

हे इतकं सविस्तर सांगते त्याला कारण आहे. हिवाळ्यातला समुद्र शांत दिसतो, पण तो ओळखीचा नसतो. १ फेब्रुवारी २०१६ ला, अशाच थंडीच्या दिवसांत, याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. म्हणून पाऊणकीचा हिशेब हा फक्त अंदाज समजा. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. ओहोटी लागलेली असताना तर नाहीच, कारण तेव्हा पाणी आत ओढतं. घोट्यापर्यंत पाय भिजवा, लाटेकडे पाठ करून उभ्या राहू नका, आणि अंधार पडायच्या आत परत फिरा. पोहायचा हट्ट नको. चालायला किनारा पुष्कळ आहे.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही यजमीणबाईंना ओढूनच बाहेर काढलं. भाकरी आम्ही भाजतो, तुम्ही चला. आधी नाही नाही म्हणाल्या. मग साडी बदलून आल्या, जशा काही गावाला निघाल्यात! किनाऱ्याच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत त्या फारसं बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर म्हणाल्या, "एवढं जवळ होतं हो."

संक्रांतीला त्यांच्याकडून आणलेली सुपारी मी वाण म्हणून लुटली. धाकटीला वाणाबरोबर एक शंख दिला. तिनं कानाला लावला आणि विचारलं, "ताई, खरंच असा आवाज येते का?" मला उत्तर देताना जड गेलं.

त्या रात्री मी घरी खरं सांगितलं. देवदर्शन झालं, पण मी समुद्र पाहायला गेले होते, फिरायला गेले होते. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि म्हणाले, "मग तसं सांगायचं ना!" खरंच, इतकं सोपं होतं? सगळ्यांच्या घरी नसेल. पण आपणच निमित्त शोधत राहिलो, तर धाकटीसारखीच्या वाट्याला नकार येतो आणि त्या नकाराला उत्तर उरत नाही. विश्रांती हवी, मोकळं चालणं हवं, हे कारणच पुरेसं आहे. ते एकदा तोंडानं म्हणायला हवं.

आता आम्ही रोज सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं चालतो. समुद्र नाही, पण रस्ता आहे. धाकटीही येते. पहिल्या आठवड्यात लोकांनी विचारलंच, "कुठी चालल्या व?" काकूंनी न थांबता उत्तर दिलं, "कुठीच नाही. अशाच चाललो."

या हिवाळ्यासाठी आमचे तीनशे-तीनशे पुन्हा साठले आहेत. यंदा धाकटीनं घरी सरळ सांगितलंय, "देवाले नाही, समुद्र पाह्याले जायचं हाये." सासऱ्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण यंदा मी त्यांच्या ओट्यावर गप्प बसणार नाही.