ल्योंमध्ये आधी नाव लागतं ते पत्रपेटीवर

मूल फ्रान्सला शिकायला निघालं की घरात चर्चा रंगते ती थंडीची, शाकाहाराची आणि भाषेची. या तिन्हींतून वाट निघते. ल्यों शहराच्या गिलोतिएर भागात डाळी आणि मसाले मिळतात, आणि दुकानात शिरताना 'बाँझूर' म्हटलं की पुढचं मोडकंतोडकं फ्रेंच चालून जातं. (ते न म्हणता थेट भाव विचारलात तर उद्धट ठराल, व्याकरण कितीही शुद्ध असो.) घोडं पेंड खातं ते कागदांपाशी.

सगळ्याचं मूळ म्हणजे पत्ता. बँकेत खातं उघडायला राहण्याचा पुरावा लागतो. भाडं, मोबाइल, विमा यांचे पैसे सहसा बँकेतूनच वळते होतात. आणि घरमालक मागतो जामीनदार, तोही शक्यतो फ्रान्समधला. पुण्याचे काका कितीही सधन असले तरी इथे उपयोगाचे नाहीत. यावर तोड म्हणजे 'व्हिझाल' ही योजना. ती विद्यार्थ्याला फुकट जामीन राहते. मात्र व्हिसा हाती पडताच, भाडेकरारावर सही करण्याआधी तिची मंजुरी घ्यायला हवी.

किल्ली मिळण्याआधी खोलीची पाहणी होते. घरमालक किंवा त्याचा एजंट कागद घेऊन तुमच्यासोबत भिंत न् भिंत फिरतो. खिळ्याची भोकं, टेबलावरचा ओरखडा, नळ गळतो का, खिडकी नीट लागते का, सगळं लिहिलं जातं आणि दोघांच्या सह्या होतात. घर सोडताना हाच कागद काढून अनामत रकमेचा हिशेब होतो. दोन दिवसांच्या प्रवासाने डोळे मिटत असतात, समोरचं फ्रेंच कळत नसतं आणि बहुतेक मुलं 'हो हो' म्हणत सही ठोकतात. तसं करू नये. फोटो काढावेत. नजरेतून सुटलेली गोष्ट नंतर दहा दिवसांच्या आत लेखी कळवून त्यात घालून घेता येते. घराचा विमाही भाडेकरूनेच काढायचा, आणि तो सक्तीचा आहे.

मग पत्रपेटी. इमारतीखालच्या पेट्यांवर नावं असतात, फ्लॅटचे नंबर क्वचितच. तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून टपालानेच येतात, त्यामुळे चिठ्ठी चिकटवायचा कंटाळा महागात पडतो.

व्हिसावर शिक्का बसला म्हणजे काम झालं असं नाही. फ्रान्सला पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. तो वैध झाला की वर्षाला 964 तास काम करण्याची मुभा असते.

सरकारी आरोग्य विम्यात नाव घालणं विद्यार्थ्याला फुकट आहे. साध्या डॉक्टरची फी 30 युरो. नेहमीचा डॉक्टर नोंदवला असेल तर त्यातले सुमारे 70 टक्के परत मिळतात. पण त्यासाठी लागणारा क्रमांक तुमच्या जन्मावरूनच तयार होतो: पुरुषाला सुरुवातीला 1, स्त्रीला 2, मग जन्माचं साल, महिना आणि परदेशात जन्मलेल्यांसाठी 99. म्हणून आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला आणि त्याचा अधिकृत फ्रेंच अनुवाद मागतात. दहावीचं प्रमाणपत्र किंवा आधार कार्ड इथे चालत नाही.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि कचेऱ्या तर असतातच, तेव्हा शनिवारी रात्री पोचायचं तिकीट काढू नका. तरी काढलंच असेल तर रविवारी मेट्रोच्या डी मार्गाने मोंप्लेझिर-ल्युमिएरला जा. ही गाडी चालकाविना धावते. ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले ते इथेच. पुढच्याच वर्षी, 7 जुलैला, त्यांची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली.

पुन्हा त्या जन्मदाखल्याकडे येऊ. आपल्याकडे अनेकांच्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते. ते नाव नंतर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन घालून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. मूल अकरावी-बारावीत असेल तर कपाटातला दाखला आजच काढून बघा.