बांधकामाचे अंदाजपत्रक : माल किती, मजुरी किती?

बंगल्याचे किंवा वाढीव मजल्याचे काम काढले की घरमालकाचा पहिला प्रश्न असतो तो चौरस फुटाच्या दराचा. हा आकडा तुलनेला सोपा असला, तरी पैसा नेमका कशावर खर्च होणार हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कामातील माल आणि मजुरी वेगळी करून पाहावी लागते. यालाच ‘दर पृथक्करण’ म्हणतात.

वीटकामाचे उदाहरण घेऊ. सांध्यासह २० × १० × १० सेंटीमीटर मापाची प्रमाणित वीट धरली, तर एक घनमीटर कामाला ५०० विटा लागतात. विटा, सिमेंट, वाळू आणि तूटफूट मिळून मालाचा खर्च होतो. मजुरी मात्र दिवसभराच्या कामावरून ठरते. एक गवंडी दिवसाकाठी साधारण एक घनमीटर भिंत बांधतो, असे धरून त्याची व हाताखालच्या बिगाऱ्यांची रोजंदारी मोजली जाते. या बेरजेत पाणी, अवजारे, देखरेख आणि कंत्राटदाराचा नफा मिळवला की दर तयार होतो.

या फोडीचा खरा उपयोग काम सुरू झाल्यावर होतो. मालासकट दिलेल्या कामात सिमेंट वाचले तर फायदा कंत्राटदाराचा. केवळ मजुरीवर दिलेल्या कामात माल वाया गेला तर भुर्दंड मालकाला. एक हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे ११.८ घनमीटर काँक्रीट. १ : १.५ : ३ या प्रमाणात ते जागेवर कालवायचे, तर घनमीटरमागे ५० किलोच्या आठ गोण्या लागतात, म्हणजे तुळया सोडूनच सुमारे ९४ गोण्या. हा आकडा अंदाजपत्रकात असेल, तर सत्तर गोण्यांत स्लॅब उरकणाऱ्याला जागच्या जागी जाब विचारता येतो. नसेल, तर उणीव कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

भावातील चढउतारांच्या वादातही हीच फोड कामी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्या करारात गोण्या आणि त्यांचा भाव स्वतंत्र नोंदलेला होता, त्यांना फरकाची रक्कम मांडून दाखवता आली. ठोक दराने करार करणाऱ्यांकडे असा हिशेबच नव्हता.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कामाचे परिमाण, माल, मजुरी, नफा आणि कर असे पाच रकाने लिहून घ्यावेत. त्यामुळे घर स्वस्त होईलच असे नाही. परंतु दिलेल्या पैशात काय मिळाले, हे मात्र मोजून पाहता येईल.