खडूचा हिशेब

स्पेनला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो बैलांच्या झुंजीचा आणि दुसरा खाण्याचा. बैल आम्ही पाहिले नाहीत. ‘मुक्या जनावराला मारतात ते पैसे देऊन काय बघायचं?’ असं म्हणून आईने तो विषय मुंबईत असतानाच मिटवून टाकला होता. राहता राहिलं खाणं. त्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे, आणि ते खाण्याबद्दल जितकं आहे तितकंच माझ्या आईबद्दलही आहे.

माझी लेक दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त सेवियात असते. नकाशात आपण ज्याला सेव्हिल म्हणतो तेच हे गाव. गेल्या मार्चमध्ये आजीला घेऊन ये असा तिने धोशा लावला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. पण जायचं म्हटल्यावर तिनेच आधी बॅग भरली. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याकडेच्या नारिंगाच्या झाडांना फुलं आली होती आणि सगळ्या गावाला मोगऱ्याच्या जवळपास जाणारा वास सुटला होता. आईला गाव आवडलं. जेवणाच्या वेळा तेवढ्या आवडल्या नाहीत. तिथे दुपारचं जेवण अडीच-तीनला आणि रात्रीचं साडेनऊच्या पुढे. १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत देशाची घड्याळं एक तास पुढे सरकवली ती पुन्हा मागे आलीच नाहीत, असं लेकीने समजावलं. आई म्हणाली, ‘घड्याळ त्याचं, पोट माझं. मला आठला जेवायला लागतं.’

त्यावरचा तोडगा म्हणजे तापा. या शब्दाचा अर्थ झाकण. पूर्वी प्याल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाची किंवा मांसाची चकती झाकत आणि गिऱ्हाईक पेयाबरोबर ती चकतीही खाऊन टाकी, अशी एक कथा सांगतात. दुसऱ्या कथेत कुणी राजा येतो. प्रत्येक दुकानदाराची कथा निराळी आणि प्रत्येकाचा राजाही निराळा, तेव्हा आपण त्यात पडायला नको. आज तापा म्हणजे बशीभर पदार्थ: चार घास, फार तर सहा. ग्रानादासारख्या गावात प्यायला काही मागवलं की तो आजही फुकट मिळतो. सेवियात पैसे पडतात. माणसं एका ठिकाणी दोन बशा खातात, गप्पा मारतात, पुढच्या दुकानात जातात. बहुतेक उभ्यानेच. लेकीने आम्हाला आधी ‘एल रिंकोन्सियो’ दाखवलं. ते १६७० सालापासून चालू आहे, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाच्याही चार वर्षं आधीपासून. तिथे गिऱ्हाइकाचा हिशेब लाकडी काउंटरवरच खडूने मांडतात. पण गर्दी इतकी होती, की आईने दारातूनच नमस्कार केला.

मग पूल ओलांडून आम्ही नदीपलीकडच्या त्रियाना भागात गेलो. हा एकेकाळचा कुंभारांचा, दर्यावर्दींचा मोहल्ला. भिंतीभिंतींवर रंगीत फरश्या. तिथल्या एका गल्लीत लेकीच्या ओळखीचं छोटं दुकान होतं. नाव सांगत नाही, कारण ते घरच आहे. काउंटरमागे साठीचे मालक, आत चुलीपाशी त्यांची बायको, बशा फिरवायला मुलगी, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून लसूण सोलणाऱ्या मालकांच्या आई. वय चौऱ्याऐंशी. वर छताला डुकराचे खारवलेले पाय ओळीने टांगलेले, आणि ठिबकणारी चरबी खाली बसलेल्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी एक छोटी वाटी अडकवलेली. आईने वर पाहिलं, वाट्या पाहिल्या आणि म्हणाली, ‘माणूस व्यवस्थित आहे.’

नेमका गुरुवार होता. आई मासे खाते, कोंबडी खाते, पण गुरुवारी काही नाही. लेकीने मांस नको म्हणून सांगितलं. मालकांनी मान डोलावली आणि टोमॅटोचं घट्ट, गार सार आणून ठेवलं. त्यावर उकडलेल्या अंड्याचे आणि गुलाबी मांसाचे तुकडे भुरभुरलेले! लेकीने तक्रार केल्यावर मालक खरोखर गोंधळले. हे मांस कुठे, हे तर हामोन! खारवलेला डुकराचा पाय त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही, कोथिंबिरीत मोडतो. हा अनुभव स्पेनला गेलेल्या बऱ्याच शाकाहारी मंडळींनी घेतलेला आहे.

लेकीने मग सांगितलं, की आजीचा आज वार आहे. हे वाक्य स्पॅनिशमध्ये तिने कसं केलं ते मला ठाऊक नाही. पण स्टुलावरच्या आजीबाईंनी लसूण खाली ठेवला. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस चालू होते आणि त्यांचा वार शुक्रवार. त्यांनी सुनेला हाक मारून काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने मातीच्या लहानशा भांड्यातून वाफाळलेला पालक आला, त्यात काबुली चणे आणि कडेला तळलेल्या पावाचे दोन तुकडे. सेवियाचा हा खास उपासाच्या दिवसांतला पदार्थ. आईने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाली, ‘जिरं आहे. लसूण तळून वाटलाय. दाटपणा कशाचा आहे? बेसन नाही हे.’

बेसन नव्हतंच. पाव तळायचा, लसणीबरोबर खलबत्त्यात कुटायचा, त्यात जिरं, लाल मिरचीची पूड आणि व्हिनेगर घालायचं, आणि ते वाटण पालकात मिसळायचं. ही कृती लेकीने दुभाषाचं काम करत आम्हाला सांगेपर्यंत आई उठून स्वयंपाकघराच्या दारात पोचलीही होती. खलबत्ता तिने हातात घेऊन वजन पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या देशात, परक्याच्या स्वयंपाकघरात! पण आजीबाई सरकून बसल्या आणि त्यांनी दुसरं स्टूल पुढे केलं.

इथे मला थोडं मागे जायला हवं. आईने १९६८ सालापासून लालबागला खानावळ चालवली. खानावळ म्हणजे पाटी, गल्ला, टेबलं असं काही नव्हे. आमचीच दहा बाय बाराची खोली. वडील गिरणीत. गावाकडून एकटे आलेले पंचवीस कामगार आमच्याकडे दोन वेळ जेवत, पाळीपाळीने. एक पंगत उठली की फरशी पुसायची, दुसरी बसवायची. तिसऱ्या पाळीवाल्यांचे डबे वेगळे. पुढे अन्नपूर्णा महिला मंडळामार्फत तिला बँकेचं कर्जही मिळालं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली हे मंडळ काढलं ते आईसारख्या बायांसाठीच. सगळ्या गिरणगावाचं पोट तेव्हा असल्या खोल्यांमधून भरत होतं. मला मात्र त्याची लाज वाटे. शाळेच्या गणवेशाला बांगड्याच्या कालवणाचा वास येई म्हणून मी वर्गात भिंतीकडेला बसत असे. शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. आईने तो फॉर्म वाचून सही केली होती. बोलली काही नाही.

त्रियानात मी तापाचा आस्वाद घेणारी प्रवासी होते. आई नव्हती. तिचे डोळे खाण्यावर नव्हतेच, तर बशांवर होते. ‘किती इवल्या इवल्या बशा,’ ती म्हणाली. ‘चार घासांना एक बशी, एक काटा. धुणारीचा विचार कोणी केलाय का?’ लेकीने ते हसत हसत मालकीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं भांडी धुण्याचं यंत्र दाखवलं, मग मातीच्या भांड्यांची रास दाखवली, आणि मग आपले दोन्ही हात पालथे करून पुढे धरले. ती भांडी हातानेच धुवावी लागतात. आईने आपले हात त्यांच्या हातांशेजारी धरले.

‘तुमचंही दुकान होतं का?’ मालकांनी विचारलं.

‘पंचवीस माणसं, दोन वेळा,’ आई म्हणाली.

‘जागा केवढी?’

आईने सांगितली. लेकीने मीटरमध्ये हिशेब करून सांगितलं, तर मालकांना तिचं काहीतरी चुकलंय असं वाटलं आणि त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी काउंटरपासून दारापर्यंत पावलं मोजली आणि डोळे विस्फारून बायकोकडे पाहिलं.

त्यानंतर आमच्या टेबलावर काय आलं नाही ते विचारा. गुरुवारच्या नियमात बसणारं सगळं! व्हिनेगर आणि कांदा घातलेले उकडलेले बटाटे, तळलेल्या वांग्याच्या कापांवर काकवी, मुरवलेले ऑलिव्ह. अंड्याबटाट्याची जाड पोळी माझ्यापुढे आली. या पोळीत कांदा घालावा की नाही यावर त्या देशात उभे दोन तट आहेत. आमच्या मालकीणबाई कांदेवाल्या. आईला आणखी एक गंमत वाटली. बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी अमेरिकेतून आलेली मंडळी; १५०३ साली त्या व्यापाराची सरकारी कचेरी याच गावात निघाली आणि गलबतं याच नदीतून यायची. आपल्याकडे मिरची आणि बटाटा पोर्तुगीजांनी आणला, ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. ‘म्हणजे आमची खानावळ ह्यांच्याच मालावर चालली म्हणायची,’ आई म्हणाली. उद्या शुक्रवार, उद्या मासे खायला यायचं, असंही तिने परस्पर ठरवून टाकलं. (गेलो. व्हिनेगर, जिरं आणि ओव्यासारख्या वासाच्या पाल्यात मुरवून तळलेली मुशी होती, म्हणजे आपली मोरीच. आणि मांदेलीच्या कुळातले बोटभर मासे, काट्यासकट. आईचं मत : मोरी चांगली, माशाला तिखट कमी.)

गर्दी जरा ओसरल्यावर मालक आमच्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांचे आजोबा हे दुकान चालवत. त्यांचा मुलगा माद्रिदला संगणकाच्या नोकरीत आहे. मुलगी मदत करते, पण रात्री एक वाजेपर्यंत उभं राहायचं, सणासुदीला तर बसायचंच नाही, असं आयुष्य तिने का पत्करावं, हे त्यांनाच सांगता येत नाही. जागेचे मालक भाडं वाढवून मागताहेत. वरचे दोन मजले पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. १४ मार्च २०२० रोजी साथीमुळे सरकारने सगळं बंद केलं, तेव्हा आई-बायकोसकट चौघं रिकाम्या दुकानाच्या विचाराने घरात बसून होती. ‘तेव्हा कळलं, की आम्हाला घरात बसताच येत नाही,’ ते म्हणाले. मग त्यांनी आईला विचारलं, ‘तुमचं का बंद झालं? मुलीने घेतलं नाही?’

लेकीने हे भाषांतर करताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उत्तर देणार होते, की संप झाला. खोटं नव्हतं ते. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी संपल्याचं कोणी जाहीरच केलं नाही. आमच्याकडची माणसं उधारीवर जेवत राहिली. मग एकेक करून गावी गेली. पण आईने मला बोलू दिलं नाही.

‘मीच बंद केलं,’ ती म्हणाली. ‘उधारीची वही होती. ते जेवत होते तोवर मी मांडत होते. मग ते यायचे थांबले. मी वही शेगडीत घातली.’

ती वही खोली बदलताना हरवली, असं आम्हाला चाळीस वर्षं माहीत होतं. वडील ती शोधत राहिले होते, हेही मला आठवत होतं. मी म्हटलं, ‘अगं आई, पण का?’

‘असती तर कुणीतरी मागायला गेलं असतं,’ आई म्हणाली. ‘आणि ही तुझी पोर हे सगळं त्यांना सांगत बसेल, तिला सांग पुरे. माणसाला गिऱ्हाइकं आहेत.’

लेकीने तरीही सांगितलंच. स्टुलावरच्या आजीबाईंनी काही विचारलं. आम्हाला वाटलं, संपाबद्दल असेल. त्यांना हवं होतं ते इतकंच, की पंचवीस माणसांना भात किती लागायचा. दोघींचं मग तांदळावर बराच वेळ चाललं, बोटांवर आणि वाटीच्या खुणेने.

निघताना मालकांनी कानामागचा खडू काढला आणि काउंटरच्या लाकडावर हिशेब मांडला. बटाटे, वांगी, अंड्याची पोळी, लिंबू-सोडा, माझ्या लेकीचा प्याला. बेरीज केली. आईने चष्मा लावला. आकडे कुठल्याही देशात वाचता येतात.

‘पालक मांडला नाही,’ ती म्हणाली.

मालकांनी छातीवर हात ठेवला. पालक त्यांच्या आईकडून होता, एका खानावळवालीकडून दुसरीला. त्याचे पैसे कसे घेणार?

‘त्याला सांग, धंदा आहे, धर्मशाळा नाही. आणि भाडं वाढलंय म्हणालास ना आत्ताच?’

बरीच घासाघीस झाली, उलट्या दिशेने. आजीबाई आतून ओरडून मुलाची बाजू घेत होत्या. शेवटी मालकांनी हात वर केले आणि बेरजेखाली साडेतीन युरो लिहिले. आईने पर्समधून नाणी काढून एकेक करून काउंटरवर ठेवली आणि तिथेच उभी राहिली. मालकांना कळेना, आता काय राहिलं. आईने ओल्या फडक्याकडे बोट दाखवलं.

‘आता पुसा,’ ती मराठीत म्हणाली.

त्यांनी पुसलं.